माणदेशातील कण्या, आंबील आणि माडगे : पदार्थनामांचा एक अभ्यास

माण नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याचे मुख्य अन्न भाकरी, असे सामान्यतः सांगितले जाते. आणि ते खोटे नाही. परंतु भाकरी हे पीठ, सरपण आणि सवड या तिन्ही गोष्टी अनुकूल असलेल्या दिवसाचे अन्न होय. यांपैकी एखादी गोष्ट अपुरी पडली, की चुलीवर तव्याऐवजी मडके चढते. मडक्यात पाण्याबरोबर शिजणाऱ्या या पातळ वा दाटसर अन्नप्रकारांना सर्वसमावेशक असे एकच नाव माणदेशी बोलीत नाही. कण्या, आंबील, माडगे, घाटा अशी निरनिराळी नावे मात्र आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. या नावांची व्युत्पत्ती कोणती, ती परस्परांपासून कशी वेगळी होतात, आणि पदार्थातील धान्य बदलले असता नावाचे काय होते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तिसरा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा वाटतो. पण गेल्या काही दशकांत येथील माणसाच्या ताटातले धान्य ज्या प्रकारे बदलले, ते पाहता तो केवळ कोशकाराचा राहत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. प्रदेश आणि पीक

माणदेश या नावाने सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या तालुक्यांचा मुलूख सर्वसाधारणपणे ओळखला जातो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर दहिवडी-म्हसवडच्या बाजूस तो ५०० मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. या एका विरोधात येथील अन्नाचा सारा इतिहास सामावलेला आहे. पश्चिमेकडील जावळी-पाटणच्या डोंगरउतारांवर भात आणि नाचणी. पूर्वेकडील माणदेशात खरिपाची बाजरी, रब्बीची ज्वारी, आणि हलक्या, मुरमाड जमिनीत हुलगा व मटकी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत दुष्काळाने ओस पडणारे जे गाव आले आहे, ते याच मुलखातील आहे.

भाकरी थापावयाची तर बारीक दळलेले पीठ लागते, आच सतत लागते, आणि करणारीला चुलीपुढून उठता येत नाही. मडक्यातील अन्नास भरड दाणाही चालतो. मंद आचेवर गोवऱ्यांच्या धगीत ते आपोआप शिजते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की खाणारी तोंडे वाढली तर मडक्यात पाणी वाढविता येते. भाकरीचे तसे नाही. तिची संख्या पिठाने ठरते. टंचाईच्या दिवसांत आंबील आणि माडगे यांना जे महत्त्व येते, ते या साध्या हिशेबामुळे. लहान मूल, दात पडलेला म्हातारा, बाळंतीण आणि आजारी माणूस यांना मात्र हे अन्न सुकाळातही दिले जाते. टंचाईचे अन्न आणि जपणुकीचे अन्न ही दोन्ही एकाच मडक्यातून येतात, ही गोष्ट पुढे अर्थाचा विचार करताना ध्यानात ठेवावयास हवी.

२. नावांचे चार प्रकार

पदार्थांना नावे कोणत्या तत्त्वाने पडतात हे पाहू गेल्यास या छोट्या समूहात निरनिराळी तत्त्वे आढळतात.

कण्या हे नाव दाण्याच्या अवस्थेवरून आले. संस्कृत कण, कणिका यांच्याशी त्याचा संबंध उघड आहे. गव्हाच्या मळलेल्या पिठास म्हणतात ती ‘कणीक’ही याच कुळातील. ज्वारी किंचित ओलसर करून भरडावयाची, पाखडून कोंडा काढावयाचा, चाळून पीठ वेगळे करावयाचे, आणि जे रवाळ तुकडे राहतील ते मीठ घातलेल्या आधणात शिजवावयाचे, म्हणजे कण्या झाल्या. पदार्थ या अर्थी हा शब्द नेहमी अनेकवचनी येतो: ‘कण्या शिजल्या’, ‘ताक घालून कण्या खाल्ल्या’. एकवचनी ‘कणी’ म्हणजे एक तुकडा, किंवा ‘भातात कणी राहिली’ असे म्हणताना अभिप्रेत असलेला न शिजलेला गाभा. अर्थात पदार्थाचे नाव येथे व्याकरणातील वचनानेही निश्चित झाले आहे.

आंबील हे नाव चवीवरून आले. संस्कृत अम्ल या शब्दात म् आणि ल् यांच्यामध्ये ब् चा आगम झाला, आणि जोडाक्षर सुटताना इ हा स्वर आला. अशा रीतीने प्राकृतात ‘अंबिल’ हे रूप सिद्ध झाले. म् नंतर होणारा हा ब् चा आगम मराठीत अन्यत्रही दिसतो: ताम्र–तांबे, आम्र–आंबा. आंबट, आंबणे, आंबवणे ही रूपे याच परिवारातील होत. जैन परंपरेतील ‘आयंबिल’ या व्रताच्या नावातही अम्ल हाच घटक आहे. त्या व्रतात दिवसातून एकदाच, तूप, तेल, दूध, दही इत्यादी वर्ज्य करून रूक्ष अन्न घेतले जाते. माणदेशी आंबील म्हणजे ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ ताकात अथवा पाण्यात रात्रभर आंबवून, दुसऱ्या दिवशी आधणात ढवळत सोडून शिजविलेले पातळ अन्न. त्यात मीठ, जिरे, लसूण पडतो. निवल्यावर वरून ताक घालून ते पितात.

घाटा हे नाव कृतीवरून आले. पळीने किंवा डावाने सतत ढवळून एकजीव करणे या क्रियेस मराठीत ‘घाटणे’ म्हणतात, डाळही घाटतात. ज्याला घाटल्यावाचून गत्यंतर नाही, असे पिठाचे दाट अन्न तो घाटा. हरभऱ्याच्या शेंगेस ‘घाटा’ म्हणतात तो शब्द या अर्थाहून निराळा. दोहोंतील साम्य उच्चारापुरते आहे.

पेज हे नाव सेवनाच्या रीतीवरून आले. पेया – पेज्जा – पेज असा त्याचा विकास स्पष्ट आहे. ‘जे प्यावयाचे ते’ हा मूळ अर्थ. परंतु हा मुख्यतः भातपिकाच्या मुलखाचा, कोकणाचा शब्द होय. माणदेशाच्या समूहात त्याचे स्थान कडेचे आहे. तो येथे तुलनेसाठी घेतला आहे.

उरले माडगे. हुलगे भाजून दळावेत, ते पीठ थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडावे, आणि गूळ घालून गोड किंवा लसूण-मिरची घालून तिखट करावे, असे हे ऊन ऊन प्यावयाचे अन्न आहे. त्याचे नाव संस्कृत मण्ड (भाताची निवळ) या शब्दापासून आले असावे असा तर्क सहज सुचतो. अर्थ जुळतो, ध्वनीही जवळचे वाटतात. तथापि मराठीचा सामान्य ध्वनिनियम या तर्कास अनुकूल नाही. अनुनासिकापुढे अघोष स्पर्श असेल तर मराठीत अनुनासिक लोप पावते: दन्त–दात, कण्टक–काटा. पुढे घोष स्पर्श असेल तर ते टिकते: मण्डप–मांडव, भाण्ड–भांडे, दण्ड–दांडा. म्हणजे मण्ड शब्दाचा मराठी वंशज ‘मांड’ असा सानुनासिक हवा. ‘माडगे’ हे निरनुनासिक रूप त्यातून नियमाने निघत नाही. आटपाडी तालुक्यातील माडगूळे या गावाच्या नावाशी माडग्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, त्यालाही हाच इशारा लागू आहे. ध्वनिसाम्य हे शोधाचे निमित्त होऊ शकते. त्याला प्रमाण मानता येत नाही.

३. भेद दाखविणारी लक्षणे

या नावांचे एक अर्थक्षेत्र कल्पिले, तर ते चार लक्षणांनी विभागलेले दिसते: दाण्याची अवस्था (अखंड, भरड, पीठ), आंबविण्याची क्रिया (आहे किंवा नाही), दाटपणा, आणि धान्याचा वर्ग (तृणधान्य किंवा कडधान्य). अखंड दाणा शिजविला तर त्या घुगऱ्या. भरडलेला शिजविला तर कण्या. पीठ न आंबविता दाट शिजविले तर घाटा. पीठ आंबवून पातळ केले तर आंबील. कडधान्याचे भाजके पीठ न आंबविता पातळ केले तर माडगे. कोणतीही दोन नावे घेतली, तरी ती निदान एका लक्षणात भिन्न आहेत. बोलीने केलेली ही विभागणी एखाद्या पारिभाषिक पद्धतीइतकी काटेकोर आहे.

क्रियापदेही हीच विभागणी मान्य करतात. कण्या खातात, आंबील पितात, घाटा ओरपतात, ऊन माडगे भुरकतात. ‘ओरपणे’ म्हणजे बोटे एकत्र करून ताटातील दाटसर अन्न तोंडात ओढणे. ‘भुरकणे’ यात ओठांचा आवाज अभिप्रेत आहे. पाकक्रियेतील ‘वैरणे’ हे क्रियापद तर विशेष लक्षणीय होय. जात्याच्या तोंडात मुठीने दाणा सोडणे म्हणजे वैरणे, आणि आधणात कण्या किंवा तांदूळ सोडणे म्हणजेही वैरणेच. हाताची हालचाल एक आहे, म्हणून शब्द एक आहे. जाते आणि मडके यांच्यामधील हे नाते बोलीने एका धातूत जपून ठेवले आहे.

संस्कृत वैद्यकातही अशी विभागणी आहे, पण तिचे तत्त्व निराळे आहे. तेथे मंड, यवागू आणि विलेपी यांतील भेद धान्याच्या किती पट पाणी घातले यावर केला जातो: मंडास १४ पट, यवागूस ६ पट, विलेपीस ४ पट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात २८ यवागू सांगितल्या आहेत, आणि त्या रोगानुसार योजिल्या आहेत. वैद्याने पाणी मोजले. शेतकऱ्याच्या घरातील स्त्रीने दाण्याची अवस्था आणि आंबणे यांकडे पाहिले. पाणी किती घालावयाचे हे तिच्या घरी धान्य किती शिल्लक आहे यावर ठरत असल्यामुळे, ते नावाचे लक्षण होऊ शकले नाही.

४. शेजार आणि दूरचे जग

कन्नड व तेलुगू या दोन्ही भाषांत ‘अंबली’ हा शब्द अशाच पातळ अन्नासाठी रूढ आहे. मराठी आंबील आणि हे शब्द यांच्या साम्यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की ज्वारी पिकविणारा दख्खनचा सारा पट्टा भाषांच्या सीमा ओलांडून एका अन्नसंस्कृतीत नांदत आला आहे. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येस साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येत, शेतात नेलेल्या मडक्यातून आंबील वाटली जाते. कर्नाटकात हाच दिवस ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणून पाळतात. कन्नडात एळ्ळु म्हणजे तीळ. बोलीतील ‘येळवस’ हे रूप या कन्नड नावाच्या अधिक जवळ आहे. राजस्थानात बाजरीचे पीठ ताकात आंबवून केलेली राबडी ही आंबिलीची सख्खी बहीणच म्हणावी लागेल.

युरोपातील शेतकऱ्याचे अन्नही पुष्कळ शतके मडक्यातलेच होते. उत्तर इटलीतील पोलेंटा आज मक्याच्या पिठाचा होतो. परंतु मका अमेरिकेतून युरोपात आला तो कोलंबसाच्या १४९२ च्या प्रवासानंतर, आणि पोलेंटा हे नाव रोमन काळापासूनचे आहे. तेव्हा ते सातूच्या अन्नाचे नाव होते. मध्यंतरी बाजरीवर्गीय धान्य, चेस्टनट आणि बकव्हीट यांचेही तेच अन्न झाले. आल्प्सच्या काही खोऱ्यांत मका व बकव्हीट यांचे मिश्रण आजही शिजते. रुमानियातील मामालिगाही मक्यापूर्वी बाजरीवर्गीय धान्याची होती. इटालियन भाषेत मक्याला ‘तुर्की धान्य’ आणि बकव्हीटला ‘सारासेन धान्य’ अशा अर्थाची नावे पडली. म्हणजे नव्या धान्याच्या नावात त्याचे परकेपण राहिले, पण ते ज्या पदार्थात शिरले त्याचे नाव मात्र जुनेच टिकले. बकव्हीट हे वस्तुतः तृणधान्य नव्हे. हिमालयात ते पिकते, आणि उत्तर हिंदुस्थानात ‘कुट्टू’ या नावाने उपवासास चालते. महाराष्ट्रात उपवासाची ती जागा राजगिरा आणि वरई यांनी घेतली आहे.

माणदेशी नावांना हाच कस लावून पाहता येतो. कण्या, आंबील, घाटा यांपैकी एकाही नावात धान्याचा उल्लेख नाही. धान्य हे षष्ठीने बाहेरून जोडले जाते: ज्वारीच्या कण्या, बाजरीच्या कण्या, मक्याच्या कण्या. धान्य बदलले तरी नाव अबाधित राहते. माडग्याचे तसे नाही. ‘हुलग्याचे माडगे’ ही जोडी इतकी घट्ट आहे, की नुसते माडगे म्हटले तरी हुलगाच समजला जातो. हुलगा शेतातून गेला, तर त्याबरोबर माडगे हा शब्दही जाईल, असे अनुमान यावरून निघते.

५. धान्य बदलते तेव्हा

नाव टिकले म्हणजे अन्न टिकले असे मात्र नाही. याचे सर्वांत कठोर उदाहरण पोलेंटाचेच आहे. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटीत. युरोपने धान्य घेतले, पण ही कृती घेतली नाही. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अशा क्षारक्रियेवाचून शरीरास नीट मिळत नाही. स्पेनमध्ये १७३५ साली गास्पार कासाल याने ज्या रोगाचे वर्णन केले आणि ज्यास १७७१ पासून ‘पेलाग्रा’ हे इटालियन नाव मिळाले, तो मक्यावरच जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिला. त्याचे नायसिनशी असलेले नाते उलगडले ते १९३७ साली, एल्व्हजेम यांच्या संशोधनामुळे. जुन्या नावाच्या आत नवे धान्य आले, आणि त्याच्याबरोबर यावयास हवे होते ते ज्ञान मागे राहिले.

हा प्रश्न दख्खनला परका नाही. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतील गोपालन आणि श्रीकांतीय यांनी १९६० साली ज्वारीवर जगणाऱ्या लोकांतील पेलाग्राकडे लक्ष वेधले आणि ज्वारीतील ल्यूसिनच्या आधिक्याकडे बोट दाखविले. त्या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले; परंतु एकट्या ज्वारीवर माणसाचे भागत नाही, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले. माणदेशी पद्धतीत कण्यांबरोबर ताक येते, भाकरीबरोबर कडधान्याचे कोरड्यास येते, आणि ज्वारीच्या आंबिलीशेजारी हुलग्याचे माडगे येते. हुलग्यात सुमारे २० ते २२ टक्के प्रथिने असतात, तर ज्वारीत १० टक्क्यांच्या आसपास. आंबविण्याने धान्यातील फायटेट कमी होते आणि लोहाचे शोषण सुधारते. अर्थक्षेत्रातील शब्दांचा जो संच वर मांडला, तो अशा रीतीने अन्नाच्या समतोलाचाही संच आहे. त्यातील एक शब्द गळाला, तर केवळ कोशातील एक नोंद कमी होत नाही.

दाण्याची अवस्था बदलणारे दुसरे कारण यांत्रिक होय. जाते एकाच दळणात भरड, रवाळ आणि बारीक असे तिन्ही प्रकार देऊ शकते. वैरणाऱ्या हाताने आणि चाळणीने ते ठरते. विजेची पिठाची गिरणी मुख्यतः बारीक पीठ देण्यासाठी असते. आंबिलीस पीठ पुरते. कण्यांस भरड लागते. यावरून जाते मागे पडल्यावर कण्यांची पीछेहाट आंबिलीच्या आधी व्हावी, हे स्वाभाविक आहे. भरडणे आणि वैरणे ही क्रियापदे जात्याबरोबरच संकोच पावतात. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण स्त्रियांकडून संकलित करविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या म्हणूनच केवळ लोकसाहित्य नव्हेत. दळण्या-भरडण्याच्या शब्दसंपत्तीचा तो मोठा साठा आहे.

तिसरे कारण शिधापत्रिकेचे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी ‘मिलो’ या नावाने घरोघर गेली, आणि दुष्काळी कामांवर ‘सुकडी’ वाटली गेली. हे दोन्ही शब्द त्या पिढीच्या बोलीत कायमचे राहिले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) तांदूळ, गहू आणि भरडधान्य यांचे दर किलोस अनुक्रमे ३, २ आणि १ रुपया असे ठरविले; जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. या व्यवस्थेने उपासमार टाळली, हे निर्विवाद आहे. परंतु कायद्यात भरडधान्याचे नाव असले, तरी दुकानातून प्रामुख्याने मिळाले ते गहू आणि तांदूळ. ज्या मुलखात भात पिकत नाही, तेथे भात हे रोजचे अन्न झाले. आणि ज्या मुलखात ज्वारी पिकते, तेथे कण्या हा आजीच्या तोंडचा शब्द झाला.

६. शब्दाची प्रतिष्ठा

पदार्थ टिकण्यास त्याच्या नावाची प्रतिष्ठाही कारण होते. ‘कण्या खाऊन दिवस काढले’ या वाक्यात कण्या म्हणजे दारिद्र्य. याच्या अगदी उलट अर्थ ‘विदुराच्या कण्या’ या संकेतात आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्ण दुर्योधनाचे भोजन नाकारून विदुराच्या घरी जेवतो. तेथे शुद्ध अन्नाचा मोघम उल्लेख आहे, कण्यांचा नाही. उत्तरेकडील भक्तिपरंपरेने त्या जागी साग, म्हणजे पालेभाजी, घातली. मराठी परंपरेने कण्या घातल्या. प्रत्येक भाषेने आपल्या गरिबाच्या घरात जे शिजते ते देवापुढे ठेवले. आंबिलीसही असाच मान आहे: मराठवाडा-विदर्भात महालक्ष्मीच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील असते. टंचाईचे अन्न आणि जपणुकीचे अन्न एकाच मडक्यातून येते, असे आरंभी म्हटले होते. शब्दाच्या अर्थातही हीनता आणि पावित्र्य अशा दोन्ही छटा एकत्र नांदतात. कोशकाराने ‘गरिबांचे खाणे’ एवढाच अर्थ दिला, तर त्याने अर्धा शब्द नोंदविला असे होईल.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि भारतात या धान्यांस ‘श्रीअन्न’ हे नाव देण्यात आले. धान्यास मान मिळाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु पोलेंटाचे उदाहरण असे सांगते, की धान्य परत येण्याने त्याची कृती आपोआप परत येत नाही. कृतीची स्मृती ही भरडणे, वैरणे, घाटणे, आंबवणे अशा क्रियापदांत साठविलेली असते, आणि ती क्रियापदे ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत अशा स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात ‘शब्द आणि वस्तू’ या नावाने जी अभ्यासपद्धती पुढे आली आणि ज्या नावाचे नियतकालिक १९०९ मध्ये सुरू झाले, तिचे सूत्र असे होते, की वस्तू पाहिल्यावाचून शब्दाचा इतिहास लिहू नये. माणदेशी बोलीच्या अभ्यासकाने हे सूत्र स्वीकारून नामांबरोबर क्रियापदे, क्रियापदांबरोबर हाताच्या हालचाली, आणि त्यांबरोबर भांडी व प्रमाणे यांची नोंद गावोगाव केली पाहिजे. महाराष्ट्र शब्दकोशाचे (१९३२–३८) सात खंड सिद्ध झाले, तेव्हा जाते घराघरात फिरत होते, आणि एखादा शब्द अडला तर तो शेजारच्या घरात विचारता येत होता. आज ती सोय झपाट्याने कमी होत आहे.